म्हातारीचा खेळ मी पुन्हा पाहिला

मला एका जागी बसवत नाही. खेळ सुरू व्हायला अजून अर्धा तास होता आणि तेवढ्यात शाळेच्या पटांगणाला मी तीन चकरा मारल्या. पडदा नीट बांधलाय का, बायका किती आल्या, दूध संघाचे साहेब धाराशिवहून निघाले का. बाहुलीवाला पडद्यामागं पेटी उघडत होता. तिकडं मात्र फिरकले नाही. पेटीत आडवी पडलेली म्हातारी मला बघायची नव्हती.

म्हातारी म्हणजे कळसूत्री बाहुली. लहानपणी ईट गावच्या बाजारात दर वर्षी तिचा खेळ यायचा, आणि दर वर्षी नवा. म्हातारी एसटीत, म्हातारी कचेरीत, म्हातारी दवाखान्यात. एक खांदा वर, एक खाली, पदर खोचलेला आणि आवाज पिपाणीसारखा. तिची चाल मला हुबेहूब जमायची. वस्तीतल्या बायका मला मुद्दाम चालून दाखवायला लावायच्या.

बहात्तरच्या दुष्काळातला खेळ होता 'म्हातारी पाण्याला'. म्हातारी विहिरीवर घागर भरते, तेवढ्यात दुसरी एक बाई येते. म्हातारी घागर पदराखाली झाकते, 'लांब, लांब, लांब' करत गोल गोल पळते, शेवटी पाय अडकून पडते आणि सगळं पाणी सांडतं. मी हसून हसून आईच्या मांडीवर लोळले. आमची आई दिवसभर खडी फोडायची आणि पहाटे नदीच्या कोरड्या पात्रात झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरायची. भरलेल्या घागरीजवळ आम्हा पोरांना कुणी फिरकू देत नसे. त्यामुळं म्हातारीचं वागणं मला अगदी घरातलं वाटलं. पाण्याची चिकट म्हातारी, दुसरं काय. आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती, पण प्रत्येक वस्तीला आपापली विहीर असते अशीच माझी समजूत होती. बौद्ध धर्म घेतल्यावर वडिलांनी घरात दंडक घातला होता, जुनं काही पोरांच्या कानावर पडता कामा नये. त्यांनी तो इतका कडक पाळला की म्हातारी कुणाला लांब करतेय हे मला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आई घागर घेऊन दारात आली. मी खांदा वाकडा केला, फ्रॉकचा घेर वर धरला आणि तिच्याभोवती 'लांब, लांब, लांब' करत पळाले. आई घागर डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. मारलं नाही, रागावली नाही. पण त्यानंतर तिनं मला म्हातारीच्या खेळाला कधी नेलं नाही. मी रडले, उपाशी राहिले. तिला हसणं सोसत नाही असं मनात धरून मी कितीतरी वर्षं तिच्यावर डूख धरला.

पुढं मी दूध संघात पर्यवेक्षिका झाले. गावोगाव फिरायचं, बायकांच्या दूध संस्था उभ्या करायच्या. प्रचारासाठी काय करावं अशी मीटिंगमध्ये चर्चा निघाली तेव्हा मीच म्हणाले, म्हातारीचा खेळ आणा. कुणी नाक मुरडलं, आता टीव्हीचे दिवस आलेत म्हणालं, तर मी भांडले. पहिला खेळ तामलवाडीच्या अलीकडच्या एका गावात ठरला. ते गावही मीच निवडलं.

त्या गावात माझा जीव अडकला होता. संकलन केंद्रावर सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओततात. बौद्ध वस्तीतलं दूध त्या कॅनमध्ये चालेल का, हे कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं आणि उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मी वर्षभर हेलपाटे घातले. संस्थेच्या सचिवाला समजावलं, दमही दिला. वस्तीत एका मावशींकडं एकच म्हैस होती. त्या म्हणाल्या, "तुमी आमच्यातल्या हाव, तुमी म्हंता तर यीन." दोन महिन्यांपूर्वी त्यांची किटली पहिल्यांदा त्या कॅनमध्ये रिकामी झाली. कुणी काही बोललं नाही. वस्तीतल्या बाकीच्या बायका अजून काठावर होत्या. मावशींचं कसं होतंय ते बघून त्या येणार होत्या.

बाजाची पेटी वाजली, ढोलकी वाजली, म्हातारी आली. केवढीशी होती ती, हातभर. मला ती माणसाएवढी आठवत होती. नाकाचा रंग उडालेला, अंगावर नायलॉनचं नवं लुगडं, दोऱ्या उन्हात लखलख दिसत होत्या. बाहुलीवाल्याला दम लागत होता, दोन वाक्यांमध्ये तो खोकून घ्यायचा. विनोद शिळे. म्हातारी म्हशीला सासू म्हणाली तेव्हा पुढची पोरंसुद्धा हसली नाहीत. माझी चिडचिड होऊ लागली. ह्याच्यासाठी मी भांडले? साहेब घड्याळ बघत होते. मी उठले, बसले, परत उठले.

मग म्हातारी दूध घालायला केंद्रावर आली. मागून दुसरी बाई आली. म्हातारीनं चरवी पदराखाली झाकली, एक खांदा वर केला आणि पळत सुटली. लांब, लांब, लांब.

मी हसले. खदखदून, मोठ्यानं. डोक्याला काही कळायच्या आत माझं तोंड हसून मोकळं झालं होतं. मला हसताना बघून साहेब हसले, सचिव हसला, मग सगळं पटांगण हसलं.

आणि मग मला ती दुसरी बाहुली दिसली. लहानपणी मी तिच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. तिला चेहरा नव्हता. काळ्या दांडक्याला चिंधी गुंडाळलेली आणि वर एकच दोरी. म्हातारीला सात दोऱ्या, हिला एक. तिला फक्त वाकता येत होतं. माझं हसू आटलं. डोक्यावर घागर घेऊन दारात उभी राहिलेली आई मला त्या भर दुपारी पहिल्यांदा कळली. मी मागं वळून बघितलं. वस्तीतल्या बायका शेवटच्या रांगेत होत्या. मावशी खेळ बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

खेळ संपल्यावर मी पडद्यामागं गेले. म्हणाले, "ते लांब-लांब काढून टाका."

बाहुलीवाला दोऱ्या गुंडाळत होता. "ताई, त्याच्यावरच तर लोक हसत्यात. माझ्या बापापास्नं चालू हाय. तुमी बी हसलाव की."

"ती लांब केलेली बाई माझी आई आहे," मी म्हणाले.

त्यानं दांडक्याची बाहुली उचलली. मग म्हणाला, "काढतो." मला वाटलं, चला, निभावलं. एसटीत बसेपर्यंत मला तसंच वाटत होतं.

रात्री झोप आली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी परत त्या गावात. केंद्रावर रांग होती, मावशी नव्हत्या. सचिव दुधाचं फॅट तपासायच्या नळ्या विसळत होता, त्यानं मान वर केली नाही. मी तशीच वस्तीत गेले. मावशी दारात बसून शेजारच्या पोरांना दूध वाटत होत्या. सकाळचं सगळं दूध.

मी बोलत सुटले. तो भाग खेळातून काढायला लावलाय, साहेबांनाही सांगणार आहे, असा खेळ पुन्हा कुठंच होणार नाही. दुष्काळाचं, झिऱ्याचं, मला लहानपणी काय वाटायचं, तेही ओठावर आलं होतं. मावशींनी शेवटच्या पोराच्या वाटीत दूध ओतलं आणि किटली पालथी घातली.

"बाहुलीचं काय घिऊन बसलाव बाई," त्या म्हणाल्या. "ती लाकडाची हाय, वडंल तशी नाचती. लोकांचं बी नवं न्हाय. पर पयल्यांदा तुमी हसलाव. तुमच्या मागनं ते हसले."

"होय," मी म्हणाले.

मी पुढं काय म्हणते ते ऐकायला त्या थांबल्या. मग उठून आत गेल्या.