दोन्हीकडं तीनशे नव्वद

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना काळूराम मिणमिणे गुरुजींनी मला व्हरांड्यात गाठलं. "रोहिणीबाई, खरं सांगा, माझा एखादा तरी धडा पोरांना आठवत असेल का हो?"

असला प्रश्न शिक्षकानं विचारू नये. विचारायचाच तर बायकोला विचारावा, ती निदान मन राखते. पण कशेळ्याजवळच्या आमच्या शाळेत मी बारा वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं होतं आणि माणूस मला आवडायचा. "निरोपाला माजी विद्यार्थी येणारच आहेत, त्यांनाच बोलतं करू," मी म्हटलं. मला कुणी शहाणपणा करायला सांगितलं नव्हतं.

गुरुजींचं धड्यांचं टाचण बघायला शेजारच्या शाळांतून माणसं यायची. निळ्या शाईत मुद्दे, हिरव्या शाईत मुलांकडून अपेक्षित उत्तर. मुलानं वेगळंच उत्तर दिलं की गुरुजी हिरमुसायचे, कारण हिरव्या शाईत खाडाखोड बरी दिसत नाही. फुप्फुसं शिकवायला त्यांनी कापलेल्या बाटलीत दोन फुगे बसवले होते. खालचं रबर ओढलं की फुगे फुगायचे. त्या बाटलीला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला, आणि तेव्हापासून ती कपाटात कुलपात राहिली, मुलांचे हात लागतील म्हणून.

समारंभाचा मांडव आणि जेवण लडकूदादांकडून होतं. गावातले मोठे भातशेतीवाले, वीसेक वर्षं शाळेच्या समितीवर. आपल्यामुळेच शाळा उभी आहे, असं ते स्वतःच सांगत असल्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. ते पहिल्या रांगेत होते. त्यांचा धाकटा भाऊ सखा शेवटच्या रांगेत. हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे गावात कालच आलेल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

मी माइकवरून विचारलं, "गुरुजींचा कोणता धडा आठवतो?"

हर्षद उठला. आता त्याचं नेरळला मोबाईलचं दुकान आहे. "मला बाटलीतले फुगे आठवतात," तो म्हणाला, आणि गुरुजींचा चेहरा उजळला. "त्यातला एक मी काढून घेतला होता. लाल होता. गुरुजी, सॉरी." मांडव हसला. फुप्फुसांचं काय काम असतं, ते हर्षदला अजून ठाऊक नसावं.

मग रूपा उठली. बौद्धवाडीतली, साजगावच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासते. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "मला क्षेत्रफळाचा धडा आठवतो. सहावीतला."

गुरुजींनी माझ्याकडं गोंधळून पाहिलं. क्षेत्रफळाच्या टाचणात सांगण्यासारखं काही नव्हतं.

रूपानं सांगितलं ते असं. त्या दिवशी तक्ता उंदरांनी कुरतडलेला होता, म्हणून गुरुजी टाचण सोडून वर्गाला शाळेमागच्या शेतात घेऊन गेले. पौष महिना, भात निघून गेलेलं, उघडे बांध. मधल्या बांधाच्या अलीकडं लडकूदादांचं शेत, पलीकडं सखाचं. बापानं दोघांना सारखं वाटून दिलेलं. मीटरमीटरवर गाठी मारलेल्या दोरीनं मुलांनी दोन्ही शेतं मोजली. लांबी दोन्हींची तीस. रुंदी मात्र इकडं चौदा आणि तिकडं बारा.

आमच्याकडं पावसाळ्याआधी बांध धरतात, म्हणजे फावड्यानं कोरून, माती थापून नीट करतात. लबाड माणूस कोरतो आपल्या बाजूनं आणि थापतो शेजाऱ्याच्या बाजूला. वर्षाला चार बोटं बांध सरकतो, डोळ्यांना कळत नाही. दोरीला मात्र कळतं. आणि भावाभावांच्या बांधावर दोरी टाकायची नसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असताना गुरुजी त्या दिवशी विसरले.

"चारशे वीस आणि तीनशे साठ!" रूपा ओरडली. पलीकडं सखा गुरं चारत होता. त्यानं काठी टाकली आणि धावत आला. "म्या काय सांगत व्हतो? पोरांनीबी मोजलं!" एवढ्यात लडकूदादा आले. ते भावाशी बोलले नाहीत, गुरुजींशी बोलले. "मास्तर, तुमी गणित शिकवताय का आमच्यात कळ लावताय? बदली पायजे का?"

गुरुजींनी दोरी गुंडाळली. "दोरी ताणली गेली, मुलांनो. दोन्हीकडं तीनशे नव्वद लिहा."

सगळ्या वर्गानं दोन्हीकडं तीनशे नव्वद लिहिलं आणि सगळ्या वर्गाला बरोबर मिळालं. हिशेबानं पाहिलं तर बापानं वाटलेलं ते तेवढंच होतं, फक्त शेतात नव्हतं. रूपानं चारशे वीस, तीनशे साठ लिहिलं. तिच्या वहीत लाल फुली आली.

"अजून मी प्रत्येक माप दोनदा घेते," ती म्हणाली. "साहेब हसतात. पण एकदा घेतलेलं माप खरं असंल, असं मला वाटतच नाय." एवढं बोलून ती खाली बसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींच्या चौतीस वर्षांच्या नोकरीतून एक धडा निघाला, तोही असा, आणि तो काढला मी. लडकूदादा घड्याळ बघत होते. मी सूत्रसंचालन सोडून माइक गुरुजींच्या हातात दिला. त्यांच्याजवळ लिहून आणलेलं चार पानी भाषण होतं. ते त्यांनी उघडलं, पहिल्या रांगेकडं पाहिलं, आणि परत मिटलं. निवृत्त माणसाची बदली होत नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं का, कोण जाणे.

"रूपा, तुझं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "दोरी ताणली नव्हती. मी भ्यालो होतो, बाय."

मागच्या रांगेत सखा उभा राहिला. लडकूदादाही उठले, पण भावाकडं न बघता आचाऱ्याकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "चला, पंगत बसवा, जेवण गार व्हतंय." अर्धा मांडव लगेच उठला. भूक लागलीच होती, आणि लडकूदादांचं न ऐकण्याची कुणाला सवय नव्हती.

रूपा गर्दीतून वाट काढत गुरुजींसमोर आली, वाकून पाया पडली.

"उत्तर बरोबर हाय ते मला तवाच म्हाईत व्हतं, गुरुजी," ती म्हणाली. "तुमाला म्हाईत हाय का नाय, तेवढंच इतकी वर्षं कळत नव्हतं."