हिरव्या दोऱ्याचं बटण

टेपबाईंचा विश्वास नेमका कशावर होता, असं विचारलं असतं तर अख्ख्या गल्लीला उत्तर देता आलं नसतं. शिवणकाम करायच्या, गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून टेपबाई. पण त्या टेपवरही बाईंचा भरवसा नव्हता हो! टेपा ताणल्या जातात, गुपचूप लांब होतात, म्हणून कपाटात दुसरी एक टेप जपून ठेवलेली, आणि अधूनमधून पहिलीला दुसरीशेजारी लावून तपासणी. दूधवाल्यानं दूध ओतलं की पातेलं उजेडाला न्यायचं. गिऱ्हाइकानं शिवण छान झाली म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठी, एवढं गोड बोलतेय म्हणजे पुढचा कपडा दुसरीकडे टाकलेला दिसतोय. एका डॉक्टरानं गोळ्या दिल्या तर त्या दुसऱ्याला दाखवायच्या, आणि मग दोघांच्याही न घेता गरम पाणी पिऊन बरं व्हायचं. ताकही फुंकून पिणारी माणसं असतात, बाई ते फुंकण्याआधी गाळूनही घेतील अशातल्या.

अपवाद एकच. नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. माहेरी जायचं असेल तर बाई त्याच गाडीनं जाणार, ड्रायव्हरच्या मागची सीट धरणार, आणि गाडी गावाबाहेर पडायच्या आत खिडकीला डोकं टेकून घोरायला लागणार. घरी कडी नीट लागलीय का म्हणून पुन्हापुन्हा उठणारी ही बाई घाटात, धुक्यात, ब्रेक कचकन लागला तरी जागची हलायची नाही. कंडक्टर थट्टा करायचा, वहिनींना झोपेचं औषध नको, तुमचं स्टिअरिंग पाहिजे. ड्रायव्हर हसायचे, आणि त्या दिवशी गाडी आणखी जपून न्यायचे.

निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरांनी सायकल घेतली. गावाबाहेर जुन्या रेल्वेचे रूळ उपटून त्या जागी सायकलींचा रस्ता केला होता. तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले, त्यामुळे मोटारच काय, हातगाडीही आत शिरायची नाही. एका अंगाला लाकडी कठडा आणि कालवा, दुसऱ्या अंगाला शेतं, मग जुनं स्टेशन, तिथून पुढे बोगदा आणि पार पलीकडे तळं. कुठून कुठून माणसं सायकलीला पिशव्या बांधून तिथे यायची. जन्मभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घातली, आता हॉर्न नसलेल्या रस्त्यानं फिरणार, असं ड्रायव्हरांनी जाहीर केलं. रोज सकाळी निघायचे, दुपारी जेवायला यायचे, आणि जेवताना बोगद्यातला गारवा, तळ्यावरचे पक्षी असं रंगवून सांगायचे.

बाईंनी पहिले काही दिवस ऐकून घेतलं. मग मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागलं.

पहिली शंका पँटनं दिली. सायकल चालवणाऱ्याच्या पँटची उजवी मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, चेनला घासून काळी होते. अशा पँटा बाईंनी आयुष्यभर दुरुस्त केल्या होत्या. ड्रायव्हरांची मोहरी मात्र धुतल्या तांदळासारखी. उलट बुटांच्या टाचा झिजून तिरक्या झालेल्या. आता सायकलवर बसलेल्या माणसाचे बूट झिजतात कसे? त्यात समोरची बेकरीवाली सहज बोलून गेली, तो बोगदा तर दुरुस्तीसाठी कधीचा बंद आहे. बाईंच्या हातातला पाव हातातच राहिला. कालच नवऱ्यानं बोगद्यातल्या दिव्यांचं वर्णन केलं होतं! बेकरीवालीनं डोळे मिचकावले आणि साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही, अशी पुस्तीही जोडली.

आणि मग ते बटण सापडलं. पांढऱ्या सदऱ्याचं, वरून तिसरं, हिरव्या दोऱ्यानं लावलेलं. बाई चार भोकांच्या बटणाला दोरा नेहमी दोन सरळ ओळींत घेत. इथे मधोमध फुली होती, आणि वर टाका घट्ट, सफाईदार. पुरुषाचं काम नव्हे हे. घरात शिवणाचं यंत्र, दोऱ्यांची पेटी भरलेली, आणि नवऱ्याचं बटण लावतेय कुणी दुसरीच! बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. विचारायचं म्हणून तोंड उघडलं, तर ड्रायव्हर स्वयंपाकघरात येताना डावा खांदा चौकटीवर आपटून हसत म्हणाले, ही चौकट दिवसेंदिवस अरुंद होत चाललीय. चोराच्या मनात चांदणं, असं बाईंनी मनाशी म्हटलं आणि तोंड मिटलं. विचारून खरं सांगतो कोण? स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर निघाले तशा बाई बेकरीत गेल्या आणि पाव पोचवायची सायकल मागून घेतली. पुढे टोपली, वर मोठी घंटी, ब्रेक असून नसल्यासारखे. लहानपणी वडिलांच्या सायकलीवर दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारलं होतं, तेवढीच शिदोरी. कोपऱ्यावर एकदा पडल्या, कुणी बघितलं नाही याची खात्री करून घेतली आणि पुन्हा चढल्या. खांब ओलांडून आत शिरल्यावर मात्र सायकल आपोआप सरळ चालायला लागली. गाडी नाही, धूर नाही, कालव्याच्या पाण्याचा आवाज तेवढा. एवढी शांतता बाईंना भारीच संशयास्पद वाटली. असल्या ठिकाणी माणूस काय वाटेल ते करेल.

वळण घेतलं आणि ड्रायव्हर दिसले. एकटेच. सायकल ढकलत चालले होते. उजवा हात हँडलवर, डावा हात कठड्यावरून सरकतोय, मान ताठ, नजर थेट समोर. एक सायकलवाला घंटी वाजवत उजवीकडून पुढे गेला, तर हे दचकून कठड्याला चिकटले. बाई बघत राहिल्या. मग हळूच त्यांच्या उजव्या अंगाला आल्या, अगदी हात लागेल इतक्या जवळ. आता बघतील, आता दचकतील, आता पकडले जातील! ड्रायव्हर बघेचनात. बाईंनी घंटी वाजवली.

"कोण, बटणवाल्या ताई का?" ड्रायव्हर समोरच बघत म्हणाले. "घंटीवरून ओळखलं. परतीच्या वाटेवर निघालात वाटतं."

बाई सायकलवरून उतरून शेजारून चालायला लागल्या. ड्रायव्हरच बोलत राहिले. त्या दिवशी खांबावर आपटलो तेव्हा तुम्ही उचललंत, पिशवीतून सुई-दोरा काढून बटणही लावलंत, आभार मानायचे राहूनच गेले. नाकासमोरचं अजून दिसतं, पण दोन्ही बाजू गेल्यात, पडदे ओढल्यासारख्या. म्हणून सायकलवर बसतच नाही, बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पुढच्या वाटेचं, कुणी पूर्वी पाहिलेल्या बोगद्याचं ऐकतो आणि घरी तेच सांगतो. ते सगळं एखाद्या अनोळखी बाईला सांगावं तितक्या मोकळेपणानं सांगत होते, आणि ऐकत होती त्यांची बायको.

"घरी अजून बोललो नाही," ते म्हणाले. "आमची ही साऱ्या जगावर संशय घेते, ताई. माझ्या गाडीत मात्र गाढ झोपायची. हे कळलं तर ती झोपायची कुठे?"

बाईंना हुंदका आला, आणि हुंदका आल्याचा रागही आला. सवत शोधायला निघालेल्या बाईला स्वतःचीच लाज वाटली.

"अहो, मी आहे."

ड्रायव्हर जागच्या जागी थांबले. त्यांनी विचारलं, सायकल कुणाची? बेकरीवालीची, ब्रेक लागत नाहीत, असं बाई म्हणाल्या. मग आलीस कशी, तर आले तशी. एवढंच बोलणं झालं. घरापर्यंत दोघंही सायकली ढकलत चालत आले.

मग डोळ्यांचे डॉक्टर झाले. अर्थात दोन. आयुष्यात पहिल्यांदाच दोन डॉक्टरांचं एकमत झालं आणि बाईंना ते मुळीच आवडलं नाही. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून राखता येईल. मोठ्या रस्त्यावर पाऊल एकट्यानं टाकायचं नाही. सायकल? दोघांनीही खांदे उडवले. वाहनं नसलेला रस्ता असेल, पुढे कुणी असेल आणि सावकाश जायची तयारी असेल, तर तुमचं तुम्ही ठरवा.

बाईंनी ठरवलं. जन्मभर राखाडी आणि तपकिरीच्या पुढे न गेलेल्या या बाईनं स्वतःसाठी भडक नारिंगी कोट शिवला. गल्ली हसली, बेकरीवाली तर पोट धरून हसली. ब्रेक दुरुस्त केलेली तिचीच सायकल घेऊन बाई पुढे झाल्या, ड्रायव्हर मागे.

पहिल्याच दिवशी पंचाईत. मागे खरंच येताहेत का, की पडले, की ढकलताहेत, म्हणून बाईंची मान सारखी वळायची. मान वळली की सायकल वळायची, आणि नारिंगी कोटावर नजर ठेवून येणारे ड्रायव्हर सरळ गवतात. तिसऱ्यांदा गवतातून बाहेर येताना ड्रायव्हर पँट झटकत म्हणाले, "मागे बघू नकोस गं. तू हललीस की माझा रस्ता हलतो."

त्यानंतर जुन्या स्टेशनापर्यंत आणि तिथून परत येताना बाईंनी एकदाही मागे बघितलं नाही. केवढा जीव खालीवर झाला असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. मागून चाकाचा आवाज येत होता, पण आवाजाचं काय, ढकलली तरी सायकल वाजतेच. म्हणून घरी आल्यावर ड्रायव्हर आंघोळीला गेले तशी बाईंनी खोलीचं दार लोटलं, खुंटीवरची पँट काढली आणि उजवी मोहरी खिडकीशी धरली.

घोट्यापासून वर वीतभर काळंकुट्ट वंगण लागलं होतं. साबणानं जाणार नाही, रॉकेलनंही नाही, असलं. बाई ती पँट मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या.

ड्रायव्हरांनी न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाका मारल्या. उत्तर येईना म्हणून सदऱ्यातच ओले बाहेर आले आणि दाराशी थबकले. खिडकीशी, भर दिवसा, दाराला कडी न लावता, बाई घोरत होत्या. ड्रायव्हर पाऊल न वाजवता मागे फिरले आणि भिंतीला हात लावत टॉवेल शोधायला लागले.