नवरी की खोकं?

बायांनो, मी तिसरी शिकलेली, चुका पोटात घाला. आज दुपारी माझ्या नातीची, पिंकीची हळद होती, नवरदेवाचीही त्याच मांडवात. ती राखोलीच्या कंपनीत पॅकिंगला आहे.

नवरदेवाच्या मित्रांनी डीजेवर गाणं लावलं. त्यात पोरीला काय म्हणतात, तर ‘माल’! शी! लिहिणाऱ्याच्या तोंडाला गटाराचा वास येत असेल. आणि आमचे नातजावई त्यावर खुशाल नाचतायत!

पिंकी उठली, हळदीच्या हातांनीच डीजे बंद केला. म्हणाली, “माल मी रोज खोक्यात भरते, वर चिकटपट्टी मारते. तुम्हाला बायको न्यायचीय की खोकं?”

नातजावयांची मान खाली. “चुकलं,” म्हणाले.

मी खुशीत पोरीला पुन्हा हळद फासली. आम्ही असलं मुकाट ऐकायचो गं. तुमच्या मांडवात गाणं बंद करायला कोण उठतं?