उतरती जमीन

ओरेस्ट ह्नाट्युक हे कॅनडात, अल्बर्टातील आमच्या गावी गाड्यांच्या काचा बसवितात. येथील खडीच्या रस्त्यांवर समोरची काच टिकत नाही; धंदा वडिलोपार्जित. गॅरेजची काँक्रीटची जमीनही वडिलांनीच घातली, आणि ती मुद्दाम दाराजवळच्या नालीकडे उतरती ठेवली. हिवाळ्यात गाड्यांवरचा बर्फ वितळला की पाणी आपोआप निघून जाई.

पुढे काचेमागे कॅमेरा आला. समोर काही आडवे दिसले की गाडी स्वतःच ब्रेक लावू लागली. काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याची नजर फिरून जुळवावी लागते; त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून समोर खुणांचा फलक मांडतात. ओरेस्टनी यंत्र घेतले, फलक मांडला, आणि यंत्राने काम पुरे झाल्याचे दाखविले. जन्मभर पायाखाली असलेला उतार त्यांच्या ध्यानात आला नाही.

एके दिवशी शेजारच्या लव्हॉन पेट्रिकबाई तरातरा आत आल्या.

"ओरेस्ट, तू जुळवलेल्या कॅमेऱ्याला भुतं दिसतात का रे? रस्ता मोकळा, आणि गाडीनं कचकन ब्रेक मारला! मागचा धान्याचा ट्रक शेतात घुसला, म्हणून मी वाचले."

"लागलं का कुठं?"

"कॉफी सांडली अंगावर. कोट तू धुऊन देणार आहेस."

ओरेस्ट हसले नाहीत. त्यांनी जमिनीवर सपाटी पाहायची पाणसळ ठेवली. बुडबुडा एका बाजूला सरकला आणि तिथेच राहिला.

यंत्र घेतल्यापासून ज्यांच्या गाड्यांना काचा बसविल्या होत्या, त्या सगळ्यांना त्यांनी त्याच दिवशी फोन करून गाड्या परत बोलाविल्या. पत्नी डार्सी म्हणाली, "थकलायस तू. काच बसव आणि कॅमेरा जुळवायला गाडी शहरात पाठव."

"आणि शहरात पोचेपर्यंत? आंधळी गाडी माझ्याच दारातून बाहेर पडायची ना?"

वडिलांची जमीन त्यांनी फोडून घेतली आणि नवी घातली, पाणसळ लावून तंतोतंत सपाट. सगळ्या गाड्यांची नजर पुन्हा जुळविली. लव्हॉनबाईंच्या गाडीची सर्वांत आधी.

आता हिवाळा आहे. वितळलेले पाणी कुठेच जात नाही. कंबर धरून ओरेस्ट लांब दांड्याच्या रबरी पट्टीने ते दाराकडे लोटतात. मागे वळतात तोवर ते पुन्हा पसरलेले असते.

"तळं केलंस की रे गॅरेजचं!" परवा खुर्चीवर बसून लव्हॉनबाई म्हणाल्या.

"गाडी नीट बघते ना तुझी?"

"बघते."

"मग पाय वर घे."