पाणीपाळीच्या यादीतली पिवळी रेघ

मी चौथी शिकलो आणि पुढची सगळी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून केली. पाटकरी म्हणजे चारीचं, कालव्यातून रानाकडं जाणाऱ्या पाटाचं, दार उघडणारा आणि बंद करणारा माणूस. कुणाच्या रानात पाणी किती वाजता शिरणार आणि किती वाजता तुटणार हे त्याच्या हातात. नोकरी संपली, पण गावानं यादीचं काम माझ्याकडंच ठेवलं. आमचं गाव बारामती आणि इंदापूरच्या मधलं. कालव्याला पाणी सुटायच्या आधी आमची पाणी वापर संस्था बैठक घेते, तिथं पाळीची यादी वाचली जाते, सगळे सह्या करतात, आणि मग त्या यादीपुढं कुणाचं काही चालत नाही.

यादीत भांडण एकाच गोष्टीचं असतं. रात्रीची पाळी. थंडीच्या दिवसांत पहाटेपर्यंत बांधावर उभं राहून पाणी धरायला कुणालाच नको असतं. हातानं यादी केली की क्षेत्रावरून तास काढायचे आणि चारीच्या शेपटाकडून, म्हणजे शेवटच्या टोकाकडून, एकामागं एक नावं लिहीत जायची. पाणी चारीला संध्याकाळी पोचतं, त्यामुळं रात्र दर वेळी फिरून त्याच त्या घरांवर येते. मी पाटकरी असताना हे बघत होतो, पण मला ते सोडवता आलं नव्हतं.

ते माझ्या नातीनं सोडवलं. ती बारामतीला इंजिनिअरिंगला आहे. तिनं पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. एक्सेलच्या फाईलमध्ये प्रत्येकाचं क्षेत्र आणि मागच्या खेपेला पाळी दिवसा होती का रात्री, एवढं भरायचं. वरचं त्रिकोणाचं बटण दाबायचं. मागं ज्याला रात्र मिळाली त्याला या वेळी दिवस, अशी यादी तयार होऊन येते. तीन पाळ्या आम्ही त्या यादीवर काढल्या आणि बांधावर एकदाही शिवीगाळ झाली नाही. एक जुने गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, तेवढे नाराज होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि यादी आपण लिहावी असं त्यांना फार दिवस वाटत आलंय. "तात्या, यंत्राला रान कुठं दिसतंय," असं ते मला पारावर सगळ्यांच्या देखत म्हणायचे.

तर या हिवाळ्यातली पहिली पाळी. शनिवारी चार वाजता बैठक ठरली. बुधवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला, फाईल भरली, प्रोग्राम ज्यात दिसतो तो एडिटर उघडला, तर प्रोग्रामच्या अगदी पहिल्याच ओळीखाली पिवळी नागमोडी रेघ. बटण दाबलं तर खालच्या चौकटीत लाल अक्षरं. इंग्रजी अक्षरं मला मोटारींच्या पाट्यांवरून येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून मी मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला आणि मराठी करून घेतलं. मॉड्यूल सापडत नाही, असं ते म्हणत होतं. रेघेवर बाण नेला तर 'इम्पोर्ट रिझॉल्व्ह' होत नाही, म्हणजे मागवलेलं मिळत नाही, असं.

मॉड्यूल म्हणजे काय ते नातीनं मला सांगितलं होतं. एक्सेलची फाईल वाचायचं काम आपण लिहिलेलं नाही, ते दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय, आपण ते नुसतं बोलवून घ्यायचं. आता ज्याला बोलवायचं तोच सापडत नाही म्हणतोय. काल नव्हे परवा तर होता. म्हणजे मागच्या पाळीला होता.

मी चष्मा पुसला आणि त्या ओळीतलं एकेक अक्षर नातीनं मला वहीत लिहून दिलेल्या ओळीशी ताडून बघितलं. बरोबर होतं. ओळ पुसून पुन्हा लिहिली. रेघ तशीच. लॅपटॉप बंद करून चालू केला. रेघ तशीच. मग मला राग आला आणि मी ती ओळच काढून टाकली. पिवळं गेलं. मला वाटलं जिंकलो. बटण दाबलं तर ज्या ज्या ओळीत त्या मॉड्यूलचं नाव होतं त्या सगळ्या खालून पिवळ्या झाल्या. एका माणसाला गप्प बसवलं तर सगळी भावकी उठली. मुकाट्यानं ओळ परत लिहिली.

आमची मंडळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पोरीला फोन लावा की."

"तिची परीक्षा हाय."

"परीक्षा शनिवारी संपतीय. दोन शब्दांना काय हुतंय?"

"मी बघतो म्हटलं ना."

खरं कारण परीक्षा नव्हतं. दिवाळीला ती आली होती तेव्हा आमचं वाजलं होतं. ती म्हणाली होती, "आबा, प्रोग्रामच्या फोल्डरमधल्या कशाला हात लावत जाऊ नका." मी म्हणालो होतो, मला कालवा सांभाळता आला तर हे एक फोल्डर सांभाळता येईल, तू मला शिकवू नको. आता त्या तोंडानं फोन कसा लावायचा?

गुरुवारी एसटीनं इंदापूरला गेलो. तिथं स्टँडजवळ एक कॉम्प्युटरचा क्लास आहे. तिथल्या सरांनी माझ्याकडं आणि लॅपटॉपच्या पिशवीकडं बघितलं.

"आजोबा, कुणाचा हाय लॅपटॉप?"

"माझा."

"न्हाय, म्हणजे वापरतं कोण?"

"मीच वापरतो. पायथनमधी इम्पोर्ट रिझॉल्व्ह हुईना झालाय."

क्लासमधली पोरं मागं वळून बघायला लागली. सर जरा सरळ बसले. मग त्यांनी लॅपटॉप घेतला, नवं पायथन इंटरनेटवरून उतरवलं, काळ्या खिडकीत काहीतरी टाईप केलं, आणि ओळीच्या ओळी धावत गेल्या. शेवटी यशस्वी झाल्याचा निरोप आला. तिथंच त्यांनी मॉड्यूल बोलवून दाखवलं. आलं. "घ्या, झालं तुमचं काम," म्हणाले. मी त्यांना चहाचा आग्रह केला, ते नको म्हणाले. मी येताना एसटीत मांडीवर पिशवी धरून बसलो होतो, आणि गुरुजींना काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

घरी येऊन एडिटर उघडला. पिवळी रेघ. बटण दाबलं. लाल अक्षरं. मोबाईल धरला. मॉड्यूल सापडत नाही.

मी काळी खिडकी उघडली आणि सरांनी केलं होतं तसंच टाईप केलं. तिथं मॉड्यूल होतं. इकडं एडिटरमध्ये नव्हतं. एकाच डब्यात, एकाच पडद्यावर, एक खिडकी म्हणते आहे आणि दुसरी म्हणते नाही. कालव्यावर मला असं कुणी सांगितलं असतं तर मी त्या दोघांना समोरासमोर उभं केलं असतं. इथं कुणाला उभं करायचं? शुक्रवार सगळा असाच गेला. दुपारी गुरुजी घरावरून जाताना दारात थांबले. "तात्या, यादी झाली का? न्हायतर मी आपली एक हातानं लिहून ठिवतो. आडीअडचणीला असावी." मी म्हणालो, "ठिवा की, वही तुमची, शाई तुमची." ते हसत गेले. त्यांच्या यादीत रात्र कुठल्या घरांवर येणार ते मला न बघताच ठाऊक होतं. शेपटाकडं तीन घरं आहेत, मागच्या पाळीची रात्र त्यांनी काढली होती, या खेपेला दिवस त्यांचा होता.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी बारामतीला गेलो. फोन केला नाही, नुसता जाऊन कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिलो. पेपर सुटला, नात मैत्रिणींबरोबर बाहेर आली आणि मला बघून तिचा चेहराच उतरला.

"आबा, घरी काय झालं?"

"घरी काय न्हाय झालं. ह्याला झालंय," मी पिशवी पुढं केली.

कँटीनमध्ये बसलो. तिनं एडिटर उघडला, खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं, मग डावीकडच्या फाईलींच्या यादीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"आबा, हितं एक फोल्डर होतं. टिंबानं सुरू होणारं."

"कसलं?"

"आठवा. फिकट रंगाचं दिसायचं. आत भरपूर फाईली."

मला आठवलं. चांगलंच आठवलं. आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं काढतात. विळे, कुऱ्हाड, पाने, खोरं, सगळं घासायचं, गंज काढायचा, मोडकं असेल ते बाजूला टाकायचं, आणि मग हळद-कुंकू लावून पूजेला मांडायचं. लॅपटॉप हे आता माझं हत्यार. मीही त्याला पुसला, आणि म्हटलं आतूनही साफ करू. त्या फोल्डरमध्ये हजारो फाईली होत्या, त्यातली एकही मी केलेली नव्हती, नातीनं मला कधी दाखवली नव्हती. नावातसुद्धा धड काही नाही, पुढं नुसतं टिंब. कचरा म्हणून मी ते उडवलं, वर कचऱ्याचा डबाही रिकामा केला, आणि मग लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं.

मी तिला हे सांगितलं. दिवाळीला मी एवढा का उखडलो होतो हेही तिला तेव्हा कळलं असणार, कारण तोपर्यंत फोल्डर जाऊन तीन आठवडे झाले होते आणि मला कुठंतरी धाकधूक होतीच.

तिनं लॅपटॉपच्या कडेवरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "विळ्यांबरोबर लॅपटॉप पण घासला व्हय?"

"वरनं नुसता पुसला."

"वरनं पुसला असता तर बरं झालं असतं, आबा."

मग तिनं समजावलं. सगळी मॉड्यूलं त्या फोल्डरमध्ये होती, आणि त्यांना चालवणारं पायथनही त्यातलंच. इंदापूरच्या सरांनी दुसरं पायथन बसवलं आणि मॉड्यूल त्याच्यात टाकलं. एडिटर मात्र लॅपटॉपमधल्या तिसऱ्याच, जुन्या पायथनकडं बघत बसला होता. "पाणी एका चारीला सोडलंय आणि तुमी दुसऱ्या चारीच्या दारात बसलाय," ती म्हणाली. हे मला एका झटक्यात कळलं, आणि कळलं म्हणून जास्त राग आला. दोन दिवस मी कोरड्या दाराशी बसलो होतो, आणि एवढं साधं त्या पिवळ्या रेघेला सांगता येत नव्हतं. सापडत नाही म्हणते, पण कुठं शोधलं ते बोलत नाही. असला पाटकरी मी एक दिवस ठेवला नसता.

तिनं नवं फोल्डर केलं, मोबाईलचं इंटरनेट जोडून मॉड्यूलं उतरवायला लावली. रेंज कमी होती, कँटीनमध्ये गर्दी होती, आणि ती पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. दोन वाजत आले. मी घड्याळाकडं बघितलं की ती म्हणायची, "बघून काय लवकर व्हायचं न्हाय." झाल्यावर तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "खालच्या कोपऱ्यात दाबा. आता वर नावं येतील. त्यातलं टिंबवालं निवडा." मी निवडलं. क्षणभर काही झालं नाही. मग पिवळी रेघ गेली. बटण दाबलं तर लाल अक्षरं आली नाहीत, यादी आली. एवढंच काम होतं.

स्टँडजवळ यादी छापून घेतली. एसटी उशिरा आली, वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत राहिली. मी संस्थेच्या खोलीत पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. गुरुजींची यादी वाचून झाली होती, सह्याही झाल्या होत्या, आणि मोत्यासारख्या अक्षरातला तो कागद भिंतीला लागला होता. शेपटाकडच्या तिन्ही घरांवर रात्र.

मी माझा कागद पुढं केला. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "तात्या, आता सह्या झाल्यात. मोडायच्या कशा? मशीन बिघडलं व्हतं व्हय?"

व्हय म्हटलं असतं तर मी सुटलो होतो. पण मशीन बिघडलं म्हटलं की ती यादी कायमची गेली, आणि पोरीचं काम बिघडणारं आहे असं गावात झालं. गुरुजी माझ्या तोंडाकडं बघत होते.

"मशीन न्हाय बिघडलं," मी म्हणालो. "दसऱ्याला साफसफाई करताना मीच त्यातलं काढून टाकलं. चूक माझी हाय. यादीत चूक न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्यानं लॅपटॉपला पण न्हाऊ घातलं." सगळे हसले. गुरुजीही हसले, पण मग त्यांनी माझा कागद घेऊन चष्म्यातून नीट वाचला. शेवटी ठरलं ते असं, की ही पाळी गुरुजींच्या यादीवर, पुढची माझ्या यादीवर, आणि दर खेपेला एक हाताची यादी जवळ ठेवायची. ती अर्थात गुरुजी लिहिणार. शेपटाकडचा एकजण उठून जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हंजी आमी परत रात्रीचंच." मी गुरुजींच्या यादीवर सगळ्यात खाली सही केली.

घरी पोचलो तर नातीचा फोन आला. "आबा, लागली का यादी?"

"लागली," मी म्हणालो.

कुणाची ते तिनं विचारलं नाही. ती म्हणाली जेवून घ्या, आणि मी फोन ठेवून जेवायला बसलो.