बाबांच्या निळ्या वह्या आणि क्रिकिएथचा कावळा

मंडळी, मी या फोरमवर इतकी वर्षं फक्त टर उडवायला येते, हे जुन्या मेंबरांना ठाऊक आहे. कुणी पिंपळाखालच्या बाईबद्दल लिहिलं की खाली पहिली खोचक कमेंट माझीच. तेव्हा आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर खुशाल हसून घ्या... माझी हरकत नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता काय वाटतं, ते मलाच धड सांगता येत नाही.

गोष्ट २००६ च्या मार्चमधली. जागा – क्रिकिएथ, नॉर्थ वेल्स. समुद्रकाठचं एवढंसं गाव. पाण्यात घुसलेलं एक टेकाड, त्यावर किल्ला आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक बीच. माझे बाबा तिथे जवळजवळ तीस वर्षं जीपी, म्हणजे गावचे फॅमिली डॉक्टर होते. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. धाकटा निखिल इथेच जन्मला, त्यामुळे त्याचं मराठी कसं आहे ते पुढे दिसेलच.

बाबांनी तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेले. त्यामुळे सर्जरीच्या, म्हणजे दवाखान्याच्या, खिडकीतून किल्ला दिसणारी नोकरी मिळाल्यावर त्यांनी पगार किती ते विचारलंही नव्हतं, असं आई अजून कुरकुरत सांगते. दोन बुरुजांमधल्या दाराला ते महादरवाजाच म्हणायचे. वेल्श राजपुत्रांनी हा किल्ला बांधला, इंग्लंडच्या राजाने जिंकून वाढवला आणि शे-सव्वाशे वर्षांनी वेल्श बंडखोरांनीच तो जाळला. मग कुणी तो पुन्हा उभा केला नाही. गाव मासेमारीवर जगलं. पुढे रेल्वे आली, हवापालटाला येणारी माणसं आली, समुद्रासमोर बोर्डिंग हाउसं उभी राहिली. हे सगळं बाबा पेशंटांकडून गोळा करायचे. ब्लडप्रेशर बघून झालं की पट्टा सोडता सोडता विचारायचे, तुमच्या आजीच्या वेळी समोरच्या रांगेत कोण राहायचं? बाहेर वेटिंग रूम भरलेली असली तरी त्यांना पर्वा नसे.

रिटायर झाल्यावर त्यांनी हे सगळं मराठीत लिहून काढलं. तीन निळ्या, जाड पुठ्ठ्याच्या वह्या भरल्या. आपल्या लोकांना कळलं पाहिजे की इथेही किल्ले जळतात, आणि खालची माणसं तरीही राहतात... असं त्यांचं म्हणणं होतं. वह्या त्यांनी माझ्याकडे दिल्या, कारण मी मेडिकल सेक्रेटरी, दिवसभर टाइपच करते. मी मराठी फॉन्ट टाकून घेतला. अकरा पानं केली. मग मुलं, नोकरी, घराचं लोन... सगळ्यांना असतं ते. वह्या टेबलावर दिसल्या की अपराधी वाटायचं, म्हणून मीच त्या एका खोक्यात तळाशी घातल्या. आणि इल्फर्डचा फ्लॅट सोडून हॅरोला आलो तेव्हा ते खोकं रद्दी समजून कौन्सिलच्या टिपला, म्हणजे कचरा डेपोत गेलं. मला दोन महिन्यांनी कळलं.

बाबांना मी सांगितलं नाही. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. शेवटी ठेवता ठेवता विचारायचे, "कितवं पान?" आणि मी सांगायचे... तिसावं, चाळिसावं, बावन्नावं. माझ्या तोंडून इतक्या सहज यायचं की मलाच कधीकधी खरं वाटायचं. तब्बल चार वर्षं हे चाललं. शेवटच्या रविवारी मी साठावं म्हटलं. "घाई नाही," म्हणाले. गुरुवारी पहाटे झोपेतच गेले.

दहनाला नंबर लागला नवव्या दिवशी. इथे असंच असतं. हॅरोचे गुरुजी फोनवर म्हणाले की तीन दिवसांनी दहावं उरका, तिथे नियमांत फार अडकू नका. पण पिंडाला कावळा शिवला पाहिजे. अगदीच नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून लावा. दर्भ त्यांनी पोस्टाने पाठवलाही.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही चौघं – आई, निखिल, माझा नवरा अविनाश आणि मी – किल्ल्याच्या खाली गोट्यांच्या बीचवर गेलो. निखिलने एका सपाट खडकावर पिंड ठेवला. भात, दही, काळे तीळ. आम्ही मागे सरकून उभे राहिलो. मला कसली चिंताच नव्हती. क्रिकिएथचे सीगल माणसाच्या हातातून चिप्स ओढतात. किल्ल्याच्या भिंतीत जॅकडॉची, म्हणजे करड्या मानेच्या छोट्या कावळ्यांची घरटी आहेत आणि बीचवर काळेकुट्ट कावळे कायम शिंपले उकरत असतात. दोन मिनिटांत पिंड फस्त होणार, असं मी धरून चालले होते.

पक्षी आले. खडकाभोवती कोंडाळं करून बसले. आणि नुसते बसून राहिले.

अर्धा तास गेला. निखिल पुढे होऊन, आईला सांभाळीन, असं म्हणाला. मग, घर विकणार नाही, असं म्हणाला. आईने स्वतः सांगितलं, माझी काळजी करू नका. पुण्याच्या काकांना फोन लावून त्यांच्याकडूनही काय काय वदवलं. एक सीगल पिंडापासून हातभर अंतरावर होता, पण त्याने मानही खाली घातली नाही. एक लॅब्रडॉर धावत आला, वास घेतला आणि शेपूट पाडून परत फिरला. लॅब्रडॉर आणि अन्न सोडून जातो!

त्या कुत्र्यामागोमाग त्याची मालकीण आली. मिसेस पॅरी, ऐंशीच्या पुढच्या, बाबांच्या जुन्या पेशंट. आमचं काय चाललंय, असं त्यांनी हळूच विचारलं. आईने तिच्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की डॉक्टरांच्या मनात काही राहिलंय, ते कळल्याशिवाय पक्षी खाणार नाही. बाईंना त्याचं जरासुद्धा नवल वाटलं नाही. मान हलवून म्हणाल्या, मी त्यांना माझ्या आईच्या बोर्डिंग हाउसची सगळी हकीकत सांगितली होती. त्यांचं ते पुस्तक झालं का पुरं?

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

निखिल म्हणाला, "ताई, तू सांग ना त्याला. तुझी काम किती झाली?"

मी पुढे गेले. हात जोडले. आणि मंडळी, लाज वाटते सांगायला, पण मी तिथेही खोटं बोलले. म्हटलं, बाबा, साठ पानं झालीत, उरलेली पण करीन, पुस्तक छापीन. एक मोठा कावळा दोन उड्या मारून पिंडाजवळ आला होता. मी बोलायची थांबले तशी त्याने पाठ फिरवली आणि तो परत जाऊन खडकाच्या कडेला बसला.

निखिल पिशवीतून दर्भ काढायला लागला. "आई, अजून किती टाइम थांबायची? भात सगळी थंड झाली."

आई म्हणाली, "थांब जरा."

मला रडू आवरेना. मी त्या गोट्यांवर खालीच बसले, आणि जे चार वर्षांत फोनवर बोलता आलं नव्हतं ते मोठ्याने बोलले.

"बाबा, वह्या नाहीत. माझ्याकडून गेल्या त्या. मीच खोक्यात टाकल्या होत्या. अकरा पानं झाली होती, पुढे एकही नाही. मी तुम्हाला दर रविवारी फसवलं."

माझं वाक्य पुरं झालं आणि तो कावळा आला. चालत आला. पिंडाला चोच लावली, एक घास घेतला आणि किल्ल्याच्या दिशेने उडून गेला. मग एकदम सगळेच तुटून पडले... सीगल, जॅकडॉ, तो लॅब्रडॉरसुद्धा. मिनिटभरात खडक साफ.

घरी येऊन चहा झाला. मी आईची नजर चुकवत कप विसळत होते. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग तिने सांगितलं. दोनेक वर्षांपूर्वी बाबांनी मी घरी नसताना फोन केला होता. त्यांना एका वहीतला कुठलासा पत्ता हवा होता. अविनाशने वह्या शोधतो म्हटलं, आणि सापडेनात तेव्हा भाबडेपणाने सांगून टाकलं की मूव्हिंगमध्ये गेल्या बहुतेक. बाबांनी त्याला बजावलं की हे तिला सांगू नकोस, ती आपणहून सांगेल. आईलाही तेच बजावलं होतं.

म्हणजे पुढची दोन वर्षं, दर रविवारी, ते सगळं ठाऊक असताना विचारत होते – कितवं पान? आणि मी आकडा सांगितला की क्षणभर थांबून म्हणायचे, घाई नाही. ते थांबणं मी लाइन खराब आहे असं समजत होते.

पक्ष्यांचं म्हणाल तर मी बरंच डोकं खाजवलं. तिळाचा वास, आम्ही फार जवळ उभे होतो, वारा... अविनाशने तर थिअरींची यादीच केली. त्यातल्या एकीतही लॅब्रडॉर बसत नाही. आणि मी खोटं बोलल्यावर कावळा मागे का फिरला, हे कुणीच सांगू शकत नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा, मी खोचक कमेंट करणार नाही.

ती अकरा पानं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर सापडली. परवा मिसेस पॅरींकडे गेले होते, त्यांच्या आईच्या बोर्डिंग हाउसची हकीकत पुन्हा ऐकायला. त्यांना आता निम्मं आठवत नाही. म्हणाल्या, सगळं डॉक्टरांना सांगितलंय गं, त्यांच्याकडे लिहिलेलं असेल.

काल रविवार होता. बारावं पान झालं.