बापटांच्या दिशा आणि मोडक्या शिंगाची म्हैस

गुडगावात आम्ही एका सोसायटीत चार मराठी घरं होतो. रस्ता चुकल्याचे किस्से प्रत्येकाकडे इतके, की कुठला कोणाचा हेच आता समजत नाही. बापटांचे मात्र ओळखू येतात, कारण चुकण्याआधी ते निसर्ग समजावून सांगतात!

तेव्हा टॉवर उभे राहत होते, पाट्या लागायच्या होत्या. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे बापट म्हणाले, "पाट्या कशाला? झाडं वाचा!" ते रत्नागिरीचे. तिकडे समुद्राच्या वाऱ्यानं झाडं पूर्वेला कलतात म्हणे. ऑफिसातून घरी येताना कललेल्या बाभळी बघत आम्ही तासभर चाललो आणि थेट गोठ्यात पोचलो.

झाडं वाऱ्यानंच कलली ना, असं बापटांनी विचारल्यावर गुराखी हसला. "साब, यहाँ तो भैंस खुजाती है!"

*

मग बगळे. घराच्या वाटेवर एक तलाव होता. "जिथं बगळे, तिथं तलाव." बगळ्यांमागून गेलो, तर समोर बुलडोझर माती ढकलतोय आणि बगळे त्यातले किडे टिपतायत.

"तलाव?" बुलडोझरचा ड्रायव्हर म्हणाला. "कल तक तो था!"

*

बापटवहिनींना गुडगाव मुळीच आवडायचं नाही. "इथं ओळखीचं काही दिसतच नाही हो, भावोजी!" दुधात पाणी येतं म्हणून भांडून त्यांनी एक सोय मात्र करून घेतली होती. दूधवाला रोज सकाळी म्हैस गेटवर आणून समोर धार काढायचा. म्हशीचं डावं शिंग मोडकं होतं.

*

जानेवारीत वहिनींनी पुण्याचं तिकीट काढलं. एकटीचं, परतीचं नाही. दूधवाल्यालाही सांगितलं, "कल से आधा लिटर कम."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना स्टेशनवर सोडायला निघालो. असलं धुकं, की बॉनेट दिसेना. बापट गाडी चालवत होते, मी काच पुसत होतो. निसर्गाबद्दल चकार शब्द नाही! मला फार वाईट वाटलं.

"हे वळण मघाशी येऊन गेलं का हो?" मी विचारलं.

"मला काय विचारता!" बापट म्हणाले.

तेवढ्यात धुक्यातून एक म्हैस आली. मागून वहिनी ओरडल्या, "थांबा! डावं शिंग मोडलंय. हिच्या मागं घ्या."

बापटांनी गाडी तिच्यामागं घातली. दहा मिनिटं म्हशीच्या चालीनं गेलो. म्हैस थांबली ती आमच्याच गेटवर!

"अगं," बापट गोंधळून म्हणाले, "पण आपल्याला स्टेशनला जायचं होतं ना?"

वहिनी केव्हाच उतरल्या होत्या.

"भैया," त्या दूधवाल्याला सांगत होत्या, "वो आधा लिटर कम मत करना."